रुईच्या गोदामातल्या इंदूवन्सं

आमच्या थोरल्याच्या बारशाला इंदूवन्संनी जे केलं, ते जालन्यात त्याआधी कुठल्या आत्यानं केलं नसेल. नाव ठेवायचा मान आत्याचा. तिनं पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचं आणि तेवढ्यात बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत मनसोक्त बुक्के घालायचे, असा सगळ्यांच्या सोयीचा रिवाज. वन्संनी वाकल्याबरोबर एक हात वर केला.

"थांबा. मारायचं न्हाई. सगळ्या गप बसा जरा."

बायका उगारलेल्या मुठी तशाच धरून उभ्या राहिल्या. वन्संनी बाळाच्या उजव्या कानापाशी नाव सांगितलं ते इतकं हळू, की पाळण्याची दोरी धरलेल्या मलाही ते कळलं नाही. मग त्याच्या पापण्यांकडे बघत राहिल्या. मग डाव्या कानाशी. पुन्हा पापण्या. शेवटी पाळण्यामागं वाटीवर चमचा वाजवला आणि उठल्या.

"बराबर. दोन्ही चालू हायेत. आता मारा."

तोवर मारायचा हुरूप गेला होता. शेजारच्या गोदाकाकूंनी मात्र सगळ्यांच्या वाट्याचे बुक्के एकटीनं घातले.

इंदूवन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण. घरात चार माणसं जमली की त्यांची गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे येतं, आणि दर खेपेला मी त्यात थोडं मीठ वाढवते असं आमच्या मुलांचं म्हणणं आहे. स्वयंपाकात माझं मीठ कमी पडतं, तेव्हा कुठंतरी ते जायलाच पाहिजे. पण इथं लिहायचं म्हटल्यावर हात आखडूनच घेतला आहे.

वन्संचं शिक्षण हैदराबादला झालेलं, निजामाच्या अमदानीत, म्हणजे उर्दूतून. ध्वनीचं शास्त्र त्यांनी उर्दूतून पाठ केलं, पोलीस ॲक्शननंतर तेच इंग्रजीतून पुन्हा केलं आणि जालन्यात मुलींच्या शाळेत मराठीतून शिकवलं. त्यामुळे बोलताना कुठली भाषा कुठं लागेल याचा नेम नसे. चूक दिसली की "बिलकुल बाद!" म्हणत. माझ्या पोळ्यांना मी ते इतक्या वेळा ऐकलं आहे की अजून पोळी करपली की आधी ते शब्द आठवतात, मग वास येतो.

चालताना मधेच थांबायची सवय. कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की भर रस्त्यात डोळे मिटून उभ्या राहात, मागं बैलगाडी असली तरी. कुणाशीही बोलायचं तर आधी त्याच्या समोर जाऊन उभ्या. पाठीमागून हाक मारलेली त्यांना आवडत नसे. "माणूस काय ढोर हाय का, मागून हाकायला?" माझं माहेर मंठ्याचं. आमच्याकडे एका शेतातून चौथ्या शेतातल्या माणसाशी बोलायची पद्धत. लग्न होऊन आले तेव्हा माझा आवाज ऐकून वन्संनी मला प्रेमानं सांगितलं होतं, "वहिनी, तू फार कामाची हायस. पण लांबून."

आमची गल्ली जिनिंगच्या भिंतीला लागून. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत सरकी काढणाऱ्या रेच्यांची घरघर अशी चाले, की गल्लीतली माणसं कुजबुजायची ती सुद्धा ओरडून. त्या घरघरीत वाढणाऱ्या लेकरांच्या कानांचं काय होतं, हा प्रश्न वन्संच्या डोक्यात शिरला आणि निघेना. त्यांनी पुण्याच्या एका डॉक्टरांना लिहिलं. हे डॉक्टर कान आणि वाचा यांच्या अभ्यासाचा विभाग नुकताच उभा करत होते, आणि त्यांच्याकडे पदवीनंतरच्या संशोधनाला एकच सरकारी शिष्यवृत्ती होती. उमेदवार दोन उरले: वन्सं, आणि मुंबईचे कुणी गृहस्थ. दोघांनी आपापल्या गावी थोडी मुलं तपासायची आणि ज्याचं काम पक्कं, त्याला जागा. यंत्र डॉक्टर देणार, अगदी थोड्या दिवसांसाठी.

वन्संनी शाळेचा राजीनामा दिला आणि मग घरी सांगितलं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, जेवता जेवता उठले.

"आणि न्हाई मिळाली तर?"

"तर न्हाई."

"पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षी वयात बसत न्हाई मी."

मामंजी हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. शाळेत वन्संच्या जागी दुसऱ्या बाई रुजूही झाल्या होत्या. मागं जायची वाट त्यांनी स्वतःच बुजवून टाकलेली.

यंत्र आलं. लाकडी पेटी, मोटारीच्या बॅटरीवर चालणारी, आणि कानांवर चढवायचे दोन काळे ठोकळे. गल्लीनं तिचं नाव 'कानपेटी' ठेवलं. कळ दाबली की ठोकळ्यात बारीक शिट्टी वाजायची, आणि ती ऐकू आली की मुलानं बोट वर करायचं. शिट्टी बारीक बारीक करत न्यायची. हे करायला शांतता पाहिजे, आणि जालन्यात भर हंगामात शांतता कुठली? वन्सं तीन-चार दिवस टाळ्या वाजवत गावभर हिंडल्या. देवळात टाळी, शाळेत टाळी, वखारीत टाळी. लोक मामंजींना काळजीनं विचारायला लागले. शेवटी त्यांना जागा सापडली ती जिनिंगच्याच मागं, रुईच्या गोदामात. छतापर्यंत दाबलेल्या गाठी रचलेल्या, मधे एक बोळ. तिथं टाळी वाजवली तर ती हातातच मरायची. गोदामाच्या चाव्या दिगंबर मुनीमांकडे. ते आमच्याच गल्लीतले, मामंजींच्या ओळखीचे. त्यांनी चावी दिली. पण गाठी रोज वॅगनमध्ये चढत होत्या. रोज एक थर कमी. म्हणजे शांतताही रोज थोडी थोडी मालगाडीत भरून चालली होती.

मला आकडे लिहायला बसवलं. तिथं तोंडातून शब्द काढायचा नव्हता. माझ्यावर असा प्रसंग त्याआधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

अंधाऱ्या बोळात लेकरं एकटी बसेनात, म्हणून शेजारी आया बसत, पाठीवर हात ठेवून. काम भराभर झालं. आणि आकडे असे आले की मी सुद्धा खूष झाले. गल्लीतल्या एकूणएक पोराचे कान उत्तम. वन्सं मात्र गप्प होत चालल्या. जेवण सुटलं. कागद पुढं घेऊन बसत आणि पुटपुटत, "इतके चांगले कान? रेच्यापाशी?"

मग डॉक्टर स्वतः काम बघायला आले. उंच, कमी बोलणारे, स्टेशनवरून थेट गोदामात. वन्संनी गोदाकाकूंच्या बंडूला बसवलं, शेजारी काकू. डॉक्टर मागं उभे. शिट्टी, बोट. शिट्टी, बोट. डॉक्टरांनी मान डोलावली. "छान ऐकतोय."

मी कागदावरून मान वर केली आणि मला दिसलं. बॅटरीची तार निघून खाली लोंबत होती. पेटी बंद. वन्संनी कळ दाबली. बंडूनं बोट वर केलं.

वन्संनीही तार पाहिली होती. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. डॉक्टर उभे होते तिथून तार दिसत नव्हती. पायानं ती आत सरकवायची आणि "झालं, सर" म्हणायचं, एवढंच करायचं होतं. वन्संनी मुद्दाम पुन्हा एकदा कळ दाबली. पुन्हा बोट.

"सर," वन्सं म्हणाल्या, "यंत्र बंद आहे."

"केव्हापासून?"

"आत्तापासून. पण मुलगा ऐकतोच आहे."

गोदाकाकू मात्र आनंदल्या. "बघा! बंद पेटीचंबी ऐकतंय माझं लेकरू!"

मग उलगडलं. काकूंचं लक्ष वन्संच्या कोपराकडे. कोपर हललं की काकूंचा अंगठा बंडूच्या पाठीत रुते आणि बंडूचं बोट वर. वन्संनी विचारलं तर काकूंनी लपवलं नाही. "सगळ्याच करतेत की. परीक्षा हाय न्हवं का? तुमच्या आईच तर सांगून गेल्त्या."

सासूबाईंनी खरंच सांगितलं होतं, घरोघर जाऊन, अभिमानानं: आमची इंदू लेकरांची परीक्षा घेणार, निकाल पुण्याला सरकारात जाणार. मग कुठली आई आपलं लेकरू नापास होऊ देईल?

डॉक्टरांनी टेबलावरचे कागद उचलले. "मग हे आकडे?"

"बाद," वन्सं म्हणाल्या. "बिलकुल बाद. सगळे."

डॉक्टर संध्याकाळच्या गाडीनं परत निघाले. ते चिडले होते की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळेना. डब्यात चढल्यावर एवढंच म्हणाले, "मुंबईचं काम माझ्याकडे आलेलं आहे. पेटी महिनाअखेर परत पाठवा. तोवर काय होतं बघा."

घरी येताना वन्सं वाटेत कुठंही थांबल्या नाहीत. भोंगा झाला तरी.

दुसऱ्या दिवसापासून सगळं पहिल्यापासून. पेटीपुढं माझं जुनं लुगडं पडदा म्हणून बांधलं, तर आया कळीच्या 'टक्' आवाजावर अंगठा दाबायला शिकल्या. आईला बाहेर काढलं तर लेकरू भोकाड पसरे. महिना सरत होता, गाठींचे थर उतरत होते, आणि वन्सं रात्रंदिवस नखं चावत बसलेल्या. एका सकाळी चहा पिताना एकदम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, या गल्लीत कोण कुणाशी बोलत न्हाई, सांग."

हा विषय माझा. मी सगळं सांगितलं: कुणाचं सांडपाण्यावरून, कुणाचं कुरडयांवरून. वन्संनी त्याप्रमाणे जोड्या लावल्या. प्रत्येक लेकराशेजारी त्याच्या आईशी अबोला असलेली बाई बसवायची. लेकराला सोबत झाली, आणि वैरिणीच्या पोराला कोण पास करतंय?

काम असं सरळ चालायला लागलं की मला हसू दाबणं अवघड झालं. आकडे खरे यायला लागले. काही कान चांगले, काही अधू, जसे असायचे तसे. अधू निघालेल्यांच्या आया कुरकुरल्या, पण घरी गेल्या. आणि मग मुनीमांच्या शांताची पाळी आली.

शांता सात-आठ वर्षांची. शाळेत मागच्या बाकावर. गुरुजी मठ्ठ म्हणत आणि रोज छडी देत. तिची आई कलाबाई आणि गोदाकाकू यांचा अबोला वर्षाचा, सामाईक भिंतीवरून. म्हणून शांताशेजारी गोदाकाकू. कलाबाई दाराबाहेर.

वन्संनी कळ दाबली. शांतानं बोट वर केलं. पुन्हा दाबली, पुन्हा वर. वन्संनी पडदा हळूच बाजूला केला. गोदाकाकूंचा अंगठा शांताच्या पाठीवर होता.

"काकू?"

काकूंनी हात काढला नाही.

"कलाबाईशी बोलत न्हाई ना तुम्ही?"

"न्हाईच बोलत. ती बाई न्हाई बोलायच्या लायकीची."

"मंग?"

काकूंनी शांताच्या डोक्यावरचे ठोकळे नीट केले, उगीचच. "तिला कळत न्हाई हो, इंदूताई. रांगत होती तवापासून बघून राह्यले मी. मागं ताट पडलं तरी वळायची न्हाई. समद्या गल्लीला ठावं हाय. पण एकदा कागदावर गेलं की गेलं. सून कोण करील तिला?"

दारात कलाबाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या रडल्या नाहीत. गोदाकाकूंकडे बघत राहिल्या, आणि पदर तोंडात धरला.

वन्सं शांताच्या समोर जाऊन उकिडव्या बसल्या. स्वतःच्या कानाकडे बोट केलं, मान हलवून विचारलं. शांतानं आईकडे पाहिलं, मग मान हलवली. नाही. मग वन्संनी तिच्यासाठी शिट्टी मोठी मोठी करत नेली. पाठीवर कुणाचा हात नव्हता. पेटी जवळजवळ टोकाला गेली तेव्हा कुठं शांतानं बोट वर केलं, आणि हसली. मी तो आकडा लिहिला.

संध्याकाळी दिगंबर मुनीम आमच्या ओसरीवर आले. बसले नाहीत.

"इंदूताई, लेक हाय माझी. त्या कागदावरचा आकडा बदला. गोदाम तुमचंच हाय, पाहिजे तितके दिवस वापरा."

मामंजी दारात उभे. सासूबाई आत देवापुढं. अजून बरीच मुलं राहिली होती आणि महिन्याचे थोडेच दिवस.

"बदलते की," वन्सं म्हणाल्या. "मंग तिला ऐकू येईल का, मुनीमजी?"

मुनीमांचा चेहरा लाल झाला. "माझ्या घरची इज्जत हाय ती!"

"शाळेत रोज छड्या खाऊन राह्यली, ती कुणाची हाय?"

मुनीम गेले. सकाळी गोदामाला कुलूप. वन्संनी कुलूप हातानं हलवून बघितलं, आणि बरोबर नेलेली पेटी तशीच उचलून घरी आल्या. मामंजी म्हणाले, "एकच आकडा तर होता, इंदू." त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच जास्त लागलं असावं. वन्सं मधल्या खोलीत गेल्या आणि टाळी वाजवली. टाळी खणखणीत घुमली. त्या मटकन खाली बसल्या. वन्संना असं हातपाय गाळून बसलेलं मी तेव्हाच पाहिलं.

मग उठल्या आणि माझी गादी ओढायला लागल्या.

"बाळंतिणीची गादी?" सासूबाई ओरडल्या.

"बाळ वर्षाचं झालं, आई!"

घरातल्या सगळ्या गाद्या, गोधड्या, वाकळा भिंतींना टांगल्या. पुन्हा टाळी. थोडी दबली, पण पुरेना. गल्लीत मागावं तरी कुणाकडे? मुनीमांनी कुलूप घातल्याचं सगळ्यांना ठाऊक, आणि निम्म्या गल्लीची भाकरी जिनिंगवर. दुपारी भर उन्हात दार वाजलं. कलाबाई. डोक्यावर गाद्यांची चळत, मागं शांता दोन उशा कवटाळून.

मी म्हटलं, "मुनीमजींना माहीत हाय?"

"झोपायच्या टायमाला कळंल."

त्यांच्या मागोमाग गोदाकाकू आल्या, पाठोपाठ आणखी चार-सहा जणी. कलाबाई आणि गोदाकाकूंनी एका रजईची दोन टोकं धरली, आणि अबोला मोडायचा नव्हता म्हणून मला मधे उभं केलं.

"तिला म्हणावं, वर धर जरा."

"तिला म्हणावं, धरलंय. डोळे हायेत न्हवं?"

मी दोन्हीकडचे निरोप इमानानं पोचवले. त्या वैशाखात गल्लीतली निम्मी घरं नुसत्या सतरंजीवर झोपली, आणि आमच्या मधल्या खोलीत लेकरं घामानं निथळत बोट वर करत राहिली. महिना संपायच्या आदल्या दिवशी शेवटचं मूल झालं. पेटी पार्सल झाली. कागदांवर वन्संनी पहिल्या खेपेची चूक, ती कशी झाली आणि कुणामुळे कळली, सगळं लिहिलं. बंडूचं नाव तेवढं घातलं नाही.

मग वाट बघणं. त्या दिवसांत वन्संनी माझ्या पोळ्यांना नावं ठेवली नाहीत, यावरून ओळखा. सासूबाईंनी परभणीच्या एका बिजवराची पत्रिका मागवून ठेवली. वन्संनी ती पाहिली आणि पाटाखाली सरकवली, फाडली मात्र नाही. मला त्याचीच भीती वाटली.

तार आली तेव्हा घरात मी एकटीच. तार इंग्रजीत. माझं इंग्रजी चौथीच्या पुस्तकातल्या मांजरापर्यंत. त्यातला 'जॉइन' हा एकच शब्द मला लागला, आणि तो माझ्या जन्मातला सगळ्यात उपयोगाचा इंग्रजी शब्द. मी ओसरीवरून मंठ्याच्या आवाजात हाक मारली. वन्सं शाळेजवळ होत्या म्हणे. हाक तिथवर पोचली, आणि त्या रस्त्यातच थांबल्या.

पुण्याहून त्या पुढं दिवाळीला येत राहिल्या, पण आल्या त्या डॉक्टरीणबाई, चष्मा लावून. जालन्याच्या वन्सं मी शेवटच्या पाहिल्या त्या स्टेशनवर, निघायच्या दिवशी. मनमाडची गाडी फलाटाला लागलेली. मामंजी ट्रंक कुठं ठेवायची यावरून हमालाशी वाद घालत होते, म्हणजे डोळे पुसायला वेळ मिळू नये. गाडी सुटायच्या बेतात कलाबाई पळत आल्या, शांताचा हात धरून. मुनीमही आले होते. लांब, पाण्याच्या नळापाशी पाठ करून उभे.

"इंदूताई, तिथं अशा लेकरांची शाळा हाय म्हणतेत," कलाबाई धापा टाकत म्हणाल्या. "विचारून ठेवा. ह्यांना मी बघते."

शिट्टी झाली. गाडी हलली. इंजिनाच्या, वाफेच्या, माणसांच्या कल्लोळात कुणाचंच कुणाला कळत नव्हतं. वन्सं खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या, शांताच्या अगदी समोर, आणि तिच्याशी बोलायला लागल्या. आवाज नाहीच. नुसते ओठ, ठळक, सावकाश. शांता गाडीबरोबर चालत होती, वन्संच्या तोंडावरून नजर न काढता. मग ती खळखळून हसली आणि जोरजोरात मान डोलावली.

डबा फलाटाच्या टोकाशी वळेपर्यंत वन्संचे ओठ हलताना दिसत होते.

"काय म्हणाल्या हो?" मी कलाबाईंना विचारलं.

"मला कुठं ऐकू आलं?"

आम्ही दोघींनी शांताकडे पाहिलं. ती अजून रुळांकडे बघत होती, आणि हसत होती.